इंजेक्शननंतरचा अर्धा तास

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, आणि जिला सांगायला हवं तिला तर नाहीच. विहारात डोळे मिटून बसतो तेव्हा सगळं आठवतं, पण तिथं तोंड उघडायची पाळी येत नाही, आणि ते मला सोयीचंच पडतं. तुम्ही माझे कोणी लागत नाही. उद्या माझ्या घरी चहाला येणार नाही. म्हणून तुम्हाला सांगतोय. यात काही मोठेपणा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

अडचण अशी, की ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. फक्त चुकीची पाठ आहे. माझी धाकटी बहीण सुजाता ती सांगते. लग्नात, नामकरणात, अगदी कोणी गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या जेवणातसुद्धा. इंजेक्शनची रिॲक्शन आली, रस्त्यातच तिची शुद्ध जायला लागली, आणि दादानं भर ट्रॅफिकमध्ये स्कूटर वळवली, राँग साइडनं दवाखान्यात नेलं, म्हणून मी आज तुमच्यासमोर बसलेय — असं ती सांगते. लोक माझ्याकडे बघतात. मी ताटाकडे बघतो. कोणीतरी पाठीवर थाप मारतं. त्या थापेचा मला इतका संताप येतो! पण संताप कोणावर? तिच्यावर? ती खोटं बोलत नाही. स्कूटर मी वळवली होती. राँग साइडनं गेलो होतो. सगळं खरं आहे. फक्त त्याच्या आधीचं तिला ठाऊक नाही.

आधीचं सांगायचं तर सुजापासून सुरुवात करावी लागेल.

सुजा इंदूरबाहेर सिमरोलजवळ एका मोठ्या इंजिनियरिंग संस्थेच्या बागा सांभाळायची. वनस्पतिशास्त्र शिकलेली. तिथली रोपवाटिका तिनं उभी केली — उघड्या माळावर हिरवी जाळी ताणून, कडुनिंब, करंज, कदंब, पिशव्यांमधून हजारो रोपं. लोक म्हणतात झाडांशी प्रेमानं बोलावं. सुजा झाडांना रागवायची. ‘तुला काय झालं रे, शेजारचा बघ कसा उठलाय,’ असं. आमच्या आईनं आम्हाला रागवायचं तसं. घरी आली की नखांत माती, ओढणीला काटे, आणि तोंडावर असा आनंद, की मला कधीकधी हेवा वाटायचा. मी सियागंजात एका किराणा मालाच्या ठोक व्यापाऱ्याकडे गोदाम बघतो. हळदीच्या आणि मिरचीच्या धुळीत आयुष्य गेलं. माझ्या कामावरून मी कधी असा हसत घरी आलेलो नाही.

एकदा रोपवाटिकेत पाण्याचा पाइप उचलताना तिला गांधीलमाशी चावली. आमच्या इंदुरात मराठी माणूससुद्धा तिला ततैयाच म्हणतो. ततैया काय, सगळ्यांनाच चावते. माळ्यांनी लोखंड घासलं, कोणी चुना आणला. तोवर तिच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला आणि ती तिथंच पडली. कॅम्पसची ॲम्ब्युलन्स जवळ होती म्हणून वाचली. आणि मग जो येईल तो सल्ला द्यायचा. हे खा, ते लावा, अमक्या बाबाचा धागा बांधा. आधुनिक शहर म्हणे आपलं! शहर चकाचक आहे, डोकी तशीच.

एकच माणूस कामाचं बोलला, तो ॲलर्जीचा डॉक्टर. तिरसट माणूस, पेशंटला चारचौघांत झापणारा, पण कामाला चोख. त्यानं समजावलं ते असं. ज्या विषाची ॲलर्जी, तेच विष अगदी थेंबाच्याही अंशाएवढं टोचायचं. दर आठवड्याला थोडं वाढवत न्यायचं. शरीराला सवय लागत जाते. मग पूर्ण डोस आला की महिन्याला एक, असं काही वर्षं. एवढं निभावलं तर पुढे कधी ततैया चावली तरी जीव जाण्याची भीती जवळजवळ उरत नाही. ‘जिस दुश्मन से डर है, उसी से हर हफ़्ते थोड़ी-थोड़ी मुलाक़ात करवानी है,’ असं म्हणाला. सुजानं लगेच विचारलं, मग मी रोपवाटिकेत परत जाऊ शकेन? तो म्हणाला, त्यासाठीच तर करतोय.

ते औषध आपल्याकडे सहज मिळतही नाही. त्यानं कुठल्या मोठ्या शहरातल्या इस्पितळातल्या ओळखीनं, किती फोन, किती विनंत्या करून ते मिळवलं, बर्फाच्या डब्यातून आणवलं. सुजाच्या आधी त्यानं इंदुरात हे क्वचितच कोणाला दिलं असेल. हे सगळं मला माहीत होतं बरं का. माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

त्याची अट एकच. इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यातच बसायचं. धावपळ नाही, ओझं उचलणं नाही, उन्हात फिरणं नाही — तो अर्धा तासही नाही आणि नंतरचे काही तासही नाही. आणि बरोबर घरचं माणूस हवं. कारण त्यानं स्पष्ट सांगितलं: काही व्हायचं असलं तर बहुतेक वेळा याच अर्ध्या तासात होतं. इथं खुर्चीत झालं तर मी इथंच सांभाळतो, पुढचा डोस कमी करतो आणि आपण पुढे जातो. घाबरायचं कारण नाही. पण अर्धा तास म्हणजे अर्धा तास.

सुजाचा नवरा रेल्वेत, ड्यूटी कधी कुठं, नेम नाही. मी म्हटलं, मी नेईन दर शनिवारी. सगळ्यांसमोर म्हटलं. भावाला शोभेल अशा आवाजात म्हटलं.

आता तुम्हाला आमच्या घराची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचे आजोबा महूला फौजेत होते. त्यांनी घराला शिक्षण दिलं आणि वेळ दिली. इंदुरात पत्रिकेवर अकरा छापलं की लोक एकला घरून निघतात. आमच्याकडचं लग्न अकराला लागतं. पाहुणे हाशहुश करत येतात तोवर नवरा-नवरी जेवून हात धूत असतात. आजोबांनंतर वडील, वडिलांनंतर मी. गोदामात कोणती गाडी कधी लागली, कधी सुटली, याबद्दल माझ्याशी ट्रकवालेही वाद घालत नाहीत. घरात वेळ बघायची असली तर भिंतीवरच्या घड्याळाकडे कोणी बघत नाही, मला विचारतात. दादानं सांगितलं म्हणजे झालं. याचा मला केवढा गर्व होता! अजूनही आहे की काय, कोण जाणे.

पण वेळेचा पक्का माणूस धीराचाही असतो, असं कोणी सांगितलं? मला थांबता येत नाही. रांग बघितली की माझं डोकं फिरतं. त्या दवाखान्यातल्या खुर्चीत तो अर्धा तास माझ्या अंगावर यायचा. सुजाचं मात्र वेगळं. ती विपश्यना करणारी. इंजेक्शन झालं की खुर्चीत मांडी घालायची, डोळे मिटायची. फोन स्कूटरच्या डिकीत, घड्याळ ती वापरतच नसे. फक्त म्हणायची, ‘दादा, टाइम झाला की सांग.’ आणि मग मी सांगेपर्यंत डोळे उघडायची नाही. श्वास बघत बसायची. मी बघायचो घड्याळ.

कितीतरी शनिवार असे गेले. काही झालं नाही. दंड थोडा सुजायचा, खाजायचा, बस. डोस वाढत गेला. आणि काही होत नाही, काही होत नाही, असं होत गेलं की माणूस काय समजतो? की कधीच काही होणार नाही. डॉक्टर उगाच भाव खातोय.

त्या शनिवारी — हं. आता इथवर आलोच आहे तर सांगून टाकतो — त्या शनिवारी मित्रांची बाफल्यांची पार्टी होती. बाफले म्हणजे कणकेचे गोळे, आधी उकडायचे, मग गोवऱ्यांवर भाजायचे आणि तुपात बुडवायचे. वरून डाळ. बाफले खायचे ते गरम. गार झाले की दगड. शहराबाहेर एका मित्राच्या शेतावर सगळे जमले होते, आणि त्यांतल्या गुड्डूचे फोनवर फोन. ‘भिया, कां हो? बाफले घी में उतर गए, अब तुम भी उतर आओ.’ मी म्हटलं, बहिणीला घरी सोडतो आणि येतो. सोडायला वेळ, तिथून परत शेतावर जायला वेळ. मनात हिशेब चालू झाला. माझा हिशेब वेळेचाच असतो.

तुम्हाला वाटलं असेल, आजारी मूल, नोकरीवरचं संकट, मरणाची बातमी, असं काहीतरी कारण असणार. नाही. बाफले.

आणि ऐका, त्याच दिवशी डॉक्टरनं सुई टोचताना सांगितलं होतं, ‘अब डोज़ बड़ा हो गया है, अब ज़्यादा ध्यान रखना.’ मी मान डोलावली होती. मग तो आत एका मुलाला तपासायला गेला, ते पोर किंचाळत होतं, नर्सही त्याला धरायला आत गेली. बाहेर आम्ही दोघंच. सुजाचे डोळे मिटलेले. मी घड्याळ बघितलं. दहा मिनिटं झाली असतील. फार तर बारा.

मी तिच्या खांद्याला हात लावला आणि म्हटलं, ‘चल सुजा. झाला अर्धा तास.’

तिनं डोळे उघडले. ‘इतक्यात?’

‘तंद्रीत होतीस तू.’

आणि ती हसली हो. खरंच हसली. म्हणाली, ‘आज छान लागलं ध्यान.’

हे एक वाक्य मला आठवलं की मी गोदामात असलो तर बाहेर येऊन उभा राहतो. तिला वाटलं, आपलं ध्यान लागलं म्हणून वेळ कळली नाही. दादाचं घड्याळ चुकेल, हे तिच्या मनात येणं शक्यच नव्हतं.

स्कूटर तळघरातल्या पार्किंगमध्ये. चालू होईना. रागारागानं चार-पाच किका मारल्या, पेट्रोल चढलं, आणखीच बिघडलं. मग मी हँडल धरलं आणि तिला म्हटलं, धक्का दे जरा, वर रस्त्यावर घेऊ. त्या रॅम्पला चांगला चढ आहे. उन्हाळा नुकताच लागलेला. सुजा दोन्ही हात लावून ढकलत वर आली. वर उन्हात स्कूटर एकदाची फुरफुरली. ती मागे बसली, धापा टाकत, हसत. ओझं उचलायचं नाही, उन्हात फिरायचं नाही — डॉक्टरचं एकही वाक्य मी शिल्लक ठेवलं नव्हतं.

पहिल्या चौकात ती म्हणाली, ‘दादा, तळवे खाजतायत.’ मी म्हटलं, ऊन आहे, अगं. तळवे खाजणं म्हणजे काय, ते मला डॉक्टरनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं. पण तरी पुढच्या चौकापर्यंत मी स्कूटर पुढेच नेली. मग ती म्हणाली, घशात काहीतरी होतंय. आणि मग काहीच म्हणाली नाही, तिचं डोकं माझ्या पाठीवर येऊन आदळलं. तेव्हा मी वळवली. राँग साइडनं. एका हातानं तिचा हात पोटाशी घट्ट धरून, हॉर्न दाबून, शिव्या खात. एवढी शौर्यकथा खरी.

डॉक्टर धावत आला. मांडीत इंजेक्शन, ऑक्सिजन, सलाइन, पाय उंच. मी भिंतीला टेकून उभा. बऱ्याच वेळानं तिचा रंग परत आला. डॉक्टर कपाळ पुसत बाहेर आला आणि त्यानं मला विचारलं, ‘आधा घंटा पूरा बैठे थे?’

बघा, इथं सांगता आलं असतं. ती वाचली होती. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? त्यानं मला झापलं असतं. फार तर चारचौघांत झापलं असतं. बस! पन्नाशीचा माणूस मी, आणि मला डॉक्टरच्या ओरडण्याची भीती वाटली. आणि आमच्या घराच्या त्या गर्वाची — वेळ चुकवली, तीही मी.

‘हाँ सर,’ मी म्हटलं. ‘पूरा. बल्कि पाँच-दस मिनट ऊपर ही.’

ते ‘ऊपर ही’ कशाला जोडलं? कोणी मागितलं होतं? खोटं बोलायचं तर निदान जेवढ्यास तेवढं बोलावं.

त्यानं नर्सकडे बघितलं. ती म्हणाली, मी आत होते सर. त्यानं मला पुन्हा विचारलं, काही मेहनत, धावपळ? मी म्हटलं, नाही सर. आरामात निघालो होतो.

संध्याकाळी गुड्डूनं बाफले घरी पाठवले. बायकोनं गरम केले. म्हणाली, दिवसभर काही खाल्लं नाहीत, सुजाताईसाठी केवढी धावपळ केलीत. मी खाल्ले. पोटभर खाल्ले.

पुढच्या शनिवारी डॉक्टरनं आम्हाला केबिनमध्ये बसवलं. त्या दिवशी तो अजिबात ओरडला नाही, आणि तेच मला सहन होईना. म्हणाला, खुर्चीत रिॲक्शन आली असती तर डोस कमी करून मी पुढे गेलो असतो. पण तुम्ही सगळं सांगितल्याप्रमाणं केलंत, पूर्ण वेळ बसलात, काही श्रम नाहीत, आणि तरीही नंतर रस्त्यात इतकी जोरात आली. म्हणजे तुमचं शरीर कधी उसळेल याचा भरवसा नाही. पुढच्या वेळी घरी येईल, झोपेत येईल. माझा दवाखाना लहान आहे. मी ही जोखीम घेणार नाही. सुजाला त्या दिवशीचं, शुद्ध जाण्याआधीचं, तेव्हा धड काही आठवत नव्हतं; ती अजिजीनं म्हणाली, अगदी खालच्या डोसपासून परत सुरू करू ना सर. तो म्हणाला, ‘मैडम, आपने तो सब सही किया. इसी का तो अफ़सोस है.’

मी शेजारच्या खुर्चीत होतो. हातभर अंतरावर. तोंड उघडलं असतं तर उपचार चालू राहिला असता. मी डॉक्टरच्या टेबलावरचा पेपरवेट बघत होतो.

जिना उतरताना सुजा म्हणाली, ‘दादा, माझं शरीरच हट्टी आहे रे.’ मी तिची पर्स धरली. उतरताना तोल जाऊ नये म्हणून.

त्यानंतर ती ऑफिसात गेली. संस्थेनं चांगुलपणानं तिला आतलं काम दिलं. खिडक्या बंद, जाळ्या लावलेल्या. रोपवाटिकेचं काम फोनवरून, जमेल तसं. पर्समध्ये कायम, चावलंच तर लगेच टोचायच्या इंजेक्शनची डबी. उसाच्या रसाची गाडी दिसली की रस्ता बदलायची, कारण तिथं ततैया घोंघावतात. सराफ्यातल्या खाऊच्या बाजारात जलेबीच्या कढईपाशी ती पूर्वी मलाच ओढत न्यायची. आता सगळे गेलो तर ती म्हणते, तुम्ही जा, मला बांधून आणा. चिडचिड करत नाही. मीच करतो. बायकोवर, मुलावर, ट्रकवाल्यांवर. गोदामात कोणी थोडा उशीर केला की मी असा भडकतो, की लोक माघारी हसतात. माझं मलाच ओरडता येत नाही, म्हणून सगळ्या इंदूरवर ओरडत फिरतो, दुसरं काय?

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, घाबरून एकदा खोटं बोलला, झालं. माणूस घाबरतो. मीही मनाला तेच सांगत आलो. पण मला जे सांगायचंय ते हे नाहीच. एवढंच असतं तर मी कदाचित कधीतरी तिला सांगूनही टाकलं असतं. सांगायचंय ते पुढचं आहे.

काही वर्षांनी सुजानं स्वतःच शोधाशोध करून दुसऱ्या शहरातला एक डॉक्टर गाठला, हेच काम करणारा, मोठ्या इस्पितळातला. व्हिडिओ कॉलवर त्यानं तिची सगळी माहिती घेतली आणि दोनच गोष्टी खोदून विचारल्या. रिॲक्शन अर्ध्या तासाच्या आत आली की नंतर? आणि त्याआधी काही श्रम झाले होते का? त्यानं सांगितलं, की अर्ध्या तासाच्या आत आणि श्रमानं आली असेल तर कारण समजतं. मग तुम्हाला परत सुरू करायला मी तयार आहे. पूर्ण शांत बसूनही उशिरा आली असेल, तर मला दहादा विचार करावा लागेल.

सुजानं मला फोन केला. मी सियागंजातच होतो, धण्याची पोती उतरत होती. तिचा आवाज कितीतरी दिवसांनी पूर्वीसारखा होता, रोपवाटिकेतून यायची तेव्हासारखा. म्हणाली, ‘दादा, तू नीट आठवून सांग. आपण पूर्ण अर्धा तास बसलो होतो ना? तू घड्याळ बघत होतास.’ आणि मग म्हणाली, ‘आणि मला असं आठवतंय रे, की त्या दिवशी स्कूटर ढकलली होती आपण. रॅम्पवर. हो ना?’

तिला आठवत होतं. कळतंय का तुम्हाला? तिच्या हातात दोर आला होता. मला फक्त हो म्हणायचं होतं. पहिलं खोटं झाकूनसुद्धा नुसत्या धक्क्याला तरी हो म्हणता आलं असतं. कोणी झापणारं समोर नव्हतं. घाई नव्हती. बाफले नव्हते. माझ्याकडे हवा तेवढा वेळ होता, आणि मी तो घेतला. हमालाला हात करून थांबवलं, गोदामाबाहेर आलो आणि विचार केला. आता हो म्हटलं, तर ती विचारणार, मग इथल्या डॉक्टरला तेव्हा ‘नाही’ का म्हणालास? मग सगळं उलगडणार. आणि लग्नातली ती गोष्ट, ती पाठीवरची थाप, ज्याचा मला इतका संताप येतो म्हणतो ना मी — ती मला सोडवेना. खरं कारण हेच आहे. दुसरं शोधलं, सापडलं नाही.

मी म्हटलं, ‘ढकलली होती, पण ती आधीच्या आठवड्यात. त्या दिवशी तर एका किकमध्ये चालू झाली. आणि अर्धा तास पूर्ण झाला होता. मी घड्याळ बघून उठवलं तुला.’

‘पक्का?’

‘अगं, वेळेचं मला सांगतेस का?’

 मग म्हणाली, ‘हो रे. माझंच डोकं. घोळ होतो.’ आणि त्या डॉक्टरला तिनं तसंच सांगितलं. तो म्हणाला, सध्या नको.

तिची बरोबर आठवण मी तिच्याकडून काढून घेतली आणि तिला वाटलं, आपलंच चुकलं. पहिल्या वेळी मी घाबरलो होतो. या वेळी मला घाबरायचं काही कारण नव्हतं. हा माझा कबुलीजबाब. बाकी सगळं त्याच्याकडे यायला लागलेली वळणं होती, आणि ती मी जरा जास्तच घेतली, हेही कबूल.

गेल्या महिन्यात तिनं रोपवाटिका रीतसर दुसऱ्याच्या हवाली केली. फोनवरून झाडं सांभाळता येत नाहीत, म्हणाली. तिनं स्वतः वाढवलेल्या दहा-पंधरा कुंड्या संस्थेनं तिला घरी न्यायला दिल्या. आम्ही तिच्या गाडीतून गेलो. नवरा गाडी चालवत होता, ती मागे. आंब्याला मोहोर होता, सगळीकडे माश्यांचा घूंघूं आवाज. गाडी रोपवाटिकेच्या दाराशी लावली, काचा वर. मी आत गेलो. ती आतून बोटानं दाखवायची, ती नाही, तिच्या मागची, हां, ती. काचेतून आवाज येत नव्हता, ओठ हलताना दिसत होते. मी कुंडी उचलायचो, डिकीत ठेवायचो, परत आत जायचो. ज्या जमिनीवर तिनं आयुष्य काढायचं ठरवलं होतं, तिथं मी चालत होतो, ज्याला कडुनिंब आणि त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या बकाणातला फरकही कळत नाही.

मध्येच काच खाली आल्याचा आवाज आला. बोटभर फट. मी वळून बघितलं. ती त्या फटीशी तोंड आणून ओरडली, ‘दादा, बाह्या खाली कर! ततैया असतात तिथं. तुला चावेल.’

काच परत वर गेली. मी हातातली कुंडी खाली ठेवली, बाह्या मनगटापर्यंत ओढल्या, बटणं लावली आणि पुढची कुंडी उचलली.